पाहुण्यांसाठी धुतलेली विहीर

ज्या विहिरीत गाळ येतो म्हणून आमच्या करवंदवाडीने दोन वर्षं अर्ज केले, ती बघायला अखेर साहेबलोक येणार असं कळलं, आणि वाडीने सगळ्यात आधी काय केलं, तर विहिरीतला गाळ काढून टाकला.

मला हे एसटीतून उतरल्या उतरल्या कळलं. डोळे तपासायला मी दोन दिवस कल्याणला मुलीकडे गेलो होतो. सकाळच्या गाडीने परत आलो, तर फाट्यावर सावळी आणि तिची टोळी उभी. सावळी म्हणजे वरच्या अंगाला राहणाऱ्या लखमाची पोरगी. पाचवीत आहे. संध्याकाळी माझ्या ओटीवर गणितं सोडवायला येते आणि निम्मा वेळ मलाच प्रश्न विचारते.

"गुरुजी, आमी विहीर साफ केली!"

"कुठली विहीर?" मी विचारलं. वाडीत विहीर एकच आहे, तरी विचारलं. माणूस आशा सोडत नाही.

"हिराकाकीची! सगली उपसली. इंजिन लावला, बाप्ये दोर धरून आत उतरले, आमी घमेली झेलली. एवढा गाळ होता!" तिने गुडघ्याला हात लावून दाखवला. "आता तळ दिसतो. बेडकी पण दिसते."

"आणि साहेब कधी येणार आहेत?"

"आजच."

मी फाट्यावरच्या दगडावर बसलो. शिकवण्याच्या धंद्यात असे प्रसंग येतात. मुलाने गणित अगदी सुरेख सोडवलेलं असतं, पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, फक्त ते दुसऱ्याच धड्यातलं असतं. तेव्हा ओरडून काही होत नाही. मी सावळीच्या पाठीवर थाप मारली आणि पिशवी तिच्याकडे दिली.

आता हे प्रकरण काय ते सांगतो.

वाडीच्या डोक्यावर टेकडी आहे. निदान होती. एका कंपनीने तिथे दगडखाण काढली आणि टेकडीचा अर्धा भाग ट्रकात घालून शहराकडे नेला. तिथे त्याचे पूल आणि इमारती झाल्या असतील. आमच्याकडे उरला एक मोठा खड्डा आणि त्याच्या काठावर एक ढीग. दगड फोडायच्या यंत्रातून खाली जे बारीक पीठ पडतं त्याचा हा ढीग. त्याला सगळे डस्ट म्हणतात. वैशाखऱ्याहून येताना लांबून पाहिलं तर वाटतं, गेलेल्या टेकडीच्या जागी कंपनीने दुसरी ठेवली आहे, राखाडी रंगाची.

दोन वर्षांपूर्वी दगड संपला आणि खाण बंद झाली. बंद करायचा कायदा असा की खणलेल्याचे उतार नीट बसवायचे, माती पसरायची, झाडं लावायची, आणि खालच्या विहिरींचं पाणी तपासत राहायचं. म्हणजे खेळ संपला की पसारा आवरायचा. पहिलीतल्या पोराला हे एका वाक्यात कळतं. मोठ्या माणसांना त्यासाठी जाडजूड नियमावली लागते, आणि ती वाचायला वेळ नसतो.

ढीग होता ओढ्याच्या काठी. पाऊस पडला की त्यातलं पीठ ओढ्यात, ओढ्यातून पाझरून आणि वाहून हिराबाईच्या विहिरीत. पावसाळाभर पाणी पांढरट राखाडी, जाडसर. मग ते पीठ तळाशी बसून राही आणि घागर बुडवली की पुन्हा वर येई. विहीर हिराबाईच्या सासऱ्याने खणलेली आणि मरताना सुनेला बजावलेलं, की पाण्याला कुणाला नाय म्हणू नको. तिने म्हटलं नाही. सगळी वाडी तिथलंच पाणी पिते. गेल्या उन्हाळ्यात मात्र बायकांना नदीच्या डोहापर्यंत जावं लागलं, आणि हिराबाईला तोंड दाखवायची सोय राहिली नाही असं वाटलं. जणू ढीग तिनेच रचला होता.

तिने अर्ज केले. मुरबाडला खेटे घातले. एकदा तर पुरावा म्हणून विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. कचेरीतल्या शिपायाने बाटली उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "मीठ घातलंय का?" त्याला ते ताक वाटलं.

कंपनीच्या बाजूने सगळं पंकज बघे. तिशीतला मुलगा, स्वभावाने वाईट नाही, पण चढ चढायचा कंटाळा. विहिरीच्या कठड्यावर त्याने पिवळ्या रंगाने 'निरीक्षण विहीर' असं लिहिलं होतं. दर महिन्याला तिथलं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. पंकज बाटली वैशाखऱ्याच्या चहावाल्याच्या पिंपातून भरत असे, ज्या पाण्याला वेलचीचा वास येई. त्यामुळे कागदावर आमच्या विहिरीचं पाणी बारा महिने एकसारखं निर्मळ राहिलं.

आज आढावा होता. जिल्ह्याहून समिती येणार, खाण बघणार, विहीर बघणार. तिने 'सगळं ठीक' लिहिलं की कंपनीला दाखला मिळणार आणि कंपनी निघून जाणार. ढीग तिथेच राहणार, पण कुणाचाच नसलेला. पुढच्या पावसात विहिरीत पुन्हा पीठ येणार आणि ज्याच्या नावाने ओरडायचं तो माणूसच समोर नसणार. हिराबाईला एवढा एकच दिवस मिळाला होता, आणि त्यासाठी तिने विहीर घासून ठेवली होती.

मी तिच्या घरी पोचलो तेव्हा ती दारात रांगोळी घालत होती. अंगण नवं केलेलं होतं. इतकं सपाट आणि गुळगुळीत, की मी चप्पल बाहेर काढली. ओटीवर म्हशाच्या जत्रेतून आणलेले स्टीलचे पेले ओळीने उपडे घातले होते. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर लग्नाकार्यातलं लुगडं. साहेबांनी विहीर तपासायला यायचं होतं की मुलगी बघायला, असा प्रश्न पडावा.

"या गुरुजी! डोला कसा हाय?"

"दिसतंय. नको ते जास्तच दिसतंय. हिराबाई, विहीर का धुतलीत?"

"का म्हंजे? पावने येनार! माझ्या सासऱ्याची विहीर, त्यात ती राड दाखवू त्यांना? काय म्हनतील, कसली घानेरडी मानसं रातात इथं. धसईच्या माझ्या बहिणीकडं साधा तलाठी आला तर तिनं भिंती सारवल्या. आन हे तर जिल्ह्याचे."

"पण ते राड बघायलाच येतायत ना!"

"असू दे. म्हनून काय आपन दाखवायची?"

मी ओटीवर बसलो. बसल्याशिवाय समजावता येत नाही. मी म्हणालो, "हिराबाई, समजा तुमच्या गुडघ्याला सूज आलीय आणि तुम्ही डॉक्टरकडे गेलात."

"आलीच हाय सूज."

"बरं. आणि डॉक्टरला बरं वाटावं म्हणून जाण्याआधी तुम्ही सूज उतरवून ठेवलीत. तर डॉक्टर काय लिहील?"

"आशी उतरवता आली तर मी जाऊ कशाला त्याच्याकडं?" ती हसली. मग हसू अर्ध्यावर थांबलं. रांगोळीची चिमूट तशीच बोटांत राहिली. "म्हंजे आता ते बाटली भरतील..."

"हो."

"आन पाणी सोच्छ येल."

"एकदम."

"आन ते लिवतील की म्हातारी खोटारडी हाय."

सावळी मध्ये पडली. "काकी, परत घाण करू का? आमी चार घमेली टाकतो, लगेच!"

टोळी निघालीसुद्धा. मी हाका मारून सगळ्यांना परत बसवलं. म्हटलं, एकदा चुकलं ते चुकलं, त्यावर खोटं रचायचं नाही. सावळीने विचारलं, गाळ आपलाच, विहीर आपलीच, ज्याचं त्याच्यात परत टाकलं तर खोटं कसं? हा प्रश्न ती मला अजूनही अधूनमधून विचारते. त्या दिवशी उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात पंकजची मोटरसायकल आली.

त्याने विहिरीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची कंपनीची टोपी काढून वाऱ्याला धरली आणि म्हणाला, "मावशी, तुमचे पाय कुठं आहेत?"

"का रे बाबा?"

"धरायचेत."

"मेल्या," हिराबाई म्हणाली आणि घरात गेली.

समिती दुपारी आली. म्हणजे एक जीप आली. त्यातून रेश्मा मॅडम उतरल्या, चाळिशीच्या, पायात चांगले बूट, बोलणं कमी. सोबत बाटल्यांची पेटी घेतलेला एक माणूस होता. मॅडम म्हणाल्या, आधी खाण, मग पाणी. पंकज पुढे, त्या मागे, त्यामागे आम्ही, आमच्यामागे पोरं, आणि सगळ्यात शेवटी लखमा त्याच्या शेळ्या घेऊन. शेळ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण वाट त्यांचीच होती.

वरून खाण पाहून मला पंकजचं कौतुक वाटलं. दोन दिवसांत त्याने जंगल उभं केलं होतं. पायऱ्यापायऱ्यांवर ओळीत झाडं, प्रत्येकाला पानं, प्रत्येकाच्या बुडाशी विटकरीचं आळं. आणि तो राखाडी ढीग चक्क हिरवा झाला होता. भाजीवाले उन्हासाठी बांधतात ती हिरवी जाळी त्याने ढिगाला नेसवली होती.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"हरित आच्छादन," पंकज म्हणाला.

"जाळी आहे."

"हो मॅडम. हिरवी."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. झाडांकडे वळल्या. "ही कधी लावली?"

"मागच्या पावसाळ्यात मॅडम. चांगली धरलीत."

लखमाची एक तांबडी शेळी तेवढ्यात पुढे गेली आणि तिने पहिल्याच झाडाला तोंड घातलं. पान तुटेना म्हणून मान हिसडली. झाड अख्खं बाहेर आलं. खाली मूळ नव्हतं. कोयत्याने तिरका छाटलेला दांडा होता, ताजा, चीक अजून ओला. शेळीने तो तोंडात आडवा धरून सगळ्यांकडे पाहिलं.

"ए लखमा!" पंकज ओरडला. "झाड उपटलं बघ तुझ्या शेळीनं!"

"उपटला कुठं? उचलला," लखमा म्हणाला. "उपटायला रुजलेला लागतो."

"मॅडम, ही फांदीपासून लावायची नवी पद्धत आहे..."

मॅडमनी दुसरं झाड स्वतः दोन बोटांनी उचललं, पाहिलं, आणि पुन्हा भोकात ठेवलं. दात कोरायची काडी डबीत ठेवावी तसं. मला वाटलं, जमलं. पण त्या पंकजला म्हणाल्या, "झाडांचं मी लिहिते. तुम्हाला पुन्हा लावायला सांगतील, एवढंच. दाखला झाडांवरून अडत नाही. ढिगामुळे खालच्या पाण्याला काही होतंय का, त्यावर अडतो. विहीर दाखवा."

पंकजचा चेहरा उजळला. "चला ना मॅडम! विहीर बघाच!"

विहिरीच्या कठड्याला बायकांनी चुनासुद्धा काढला होता. पेटीवाल्या माणसाने दोरीला बाटली बांधून खाली सोडली. बुडापर्यंत जाताना ती दिसत होती. बेडकी बाजूला झाली, तीही दिसली. बाटली वर आली, मॅडमनी ती उन्हात धरली आणि बाटलीतून त्यांना पलीकडे उभी असलेली हिराबाई स्वच्छ दिसली.

"तक्रार तुमची?"

"हो बाई."

"गढूळ पाण्याची?"

हिराबाईने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "परवापर्यंत होता गढूळ. आमी धुतली."

"का?"

हिराबाई माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही येणार म्हणून." ऐकायला ते इतकं वाईट वाटलं की मलाच पुढे बोलवेना. मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. पंकज आकाशाकडे बघत होता, तिथे त्याला काही सुंदर दिसत असावं.

"बघा," मॅडम म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, "मला समोर दिसतं तेच लिहिता येतं. गाळ निघाला म्हणता, तर तो कुठेतरी असेल. दाखवा."

सोपा प्रश्न होता. गाळाचं काय झालं हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, फक्त दोन दिवस बाहेर असल्यामुळे मला नव्हतं. मी हिराबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. इतर बायका कठड्याचा चुना न्याहाळू लागल्या. सावळीने तोंड उघडलं, तर हिराबाईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते तसंच मिटलं. तोंड उघडून मिटलेली सावळी मी त्याआधी पाहिलेली नाही.

"टाकला," हिराबाई पुटपुटली. "नाय आता."

मॅडमनी बाटलीला बूच लावलं. "ठीक आहे. मग मी 'पाणी स्वच्छ' लिहिते." पेटीवाल्याने पेटी उचलली. जीप वळवायला ड्रायव्हर निघाला. दोन वर्षांचे अर्ज, खेटे, ताकाची बाटली, सगळं त्या पेटीत बंद होऊन चाललं होतं, आणि हिराबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तेसुद्धा स्वच्छ. पण जीपचं दार उघडल्याबरोबर ती खडबडून पुढे झाली.

"चहा घेतल्याबिगर नाय जायचा!"

"नको, उशीर होतोय."

"बाई, दारातनं पावना तसाच गेला तर माझा सासरा वरून शिव्या देल. दोन घोट."

आमच्याकडे नाही म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत नाही. मॅडम आल्या. अंगणाच्या कडेला थबकून त्यांनी बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि खाली बघितलं. मग दुसरं पाऊल टाकून पुन्हा बघितलं.

"किती गार आहे! शेणाचं असं होत नाही. सिमेंट आहे का हे?"

मी पहिल्यांदा त्या अंगणाकडे नीट पाहिलं. राखाडी, बारीक, एकसारखं. चोपण्याने चोपून काचेसारखं केलेलं. दोन दिवस डोळ्यांत औषध घालून आलेला माणूस मी, आणि सकाळपासून त्याच्यावरून चालत होतो.

हिराबाईचं तोंड का बंद होतं तेही लगेच कळलं. पाहुण्यांना जिथे बसवायचं ते अंगण विहिरीतल्या राडीने केलंय, हे पाहुण्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? विहीर गेली तरी चालेल, पण हे नाही.

ती कधीच बोलली नसती. बोलला पंकज. दिवस त्याचा होता, दाखला जवळजवळ खिशात होता, आणि अशा वेळी माणसाला थोडं अधिक चांगलं दिसावंसं वाटतं. तो उकिडवा बसला, बोटाने अंगण खरवडलं, चिमटीत चोळलं आणि जाणकारासारखा हसला.

"मॅडम, ही आमची डस्ट. आमच्याच ढिगातली, शंभर टक्के. हा बारीकपणा दुसऱ्या कुठल्या खाणीत नाही, मी हातानं ओळखतो. बघा, लोक उगाच ओरडतात. गावाला किती उपयोग होतोय! आम्ही तर घरपोच देतो."

"घरपोच?" मॅडम म्हणाल्या.

"सामाजिक काम, मॅडम."

हिराबाई चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं. दोन दिवस गुडघाभर राडीत उतरलेले बाप्ये, कंबर मोडेपर्यंत घमेली वाहणाऱ्या बायका, आणि तिची स्वतःची सुजलेली ढोपरं, या सगळ्याचं श्रेय मोटरसायकलवरून आलेला हा पोरगा चिमटीत धरून घेऊन चालला होता. लाज बिज राहिली बाजूला.

"घरपोच देतंस काय रे भाड्या?" ती म्हणाली. "देतंस खरा! पाऊस आणून टाकतो दर साली माझ्या विहिरीत! तिथनं आमी उपसली, डोक्यावरनं आणली, शेण घालून कालवली आन चोपली. तुझ्या बापानं आणली व्हती का? बाई, तुमी इचारला ना गाळ कुठं गेला? त्याच्यावर तुमी उभ्या हाव."

मॅडमनी खाली पाहिलं. मग पंकजकडे पाहिलं.

"तुमच्याच ढिगातली, म्हणालात ना?"

पंकज उकिडवाच होता. उठायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. "म्हणजे... तशी दिसते..."

"शंभर टक्के म्हणालात. हाताने ओळखता."

"आमच्या पण अंगणात हाय!" सावळीला आता कोण अडवणार? "मीनाकाकीच्या पण, लहानीआजीच्या पण, शाळेच्या पायरीला पण! चला बाई, दाखवते!"

आणि मॅडम खरंच निघाल्या, अनवाणी. घरोघर गेल्या. प्रत्येक अंगणात पेनाचं टोक खुपसून थर किती जाड आहे ते पाहत होत्या आणि पुढे जात होत्या. पोरं वरातीसारखी पुढे. प्रत्येक घरची बाई दारात येऊन आधी म्हणे, "बसा ना, चहा टाकते," आणि मग म्हणे, "आमच्या वाट्याला सोला घमेली आली." शेवटी मॅडमनी हिशोब करायचा सोडून दिला आणि लहानीआजीकडे चहा घेतला. हिराबाईला ते नंतर बरेच दिवस खटकत होतं.

परत आल्यावर पेटीवाल्याने खुरपं काढलं. नमुना घ्यायचा होता. तो बरोबर अंगणाच्या मध्यावर, रांगोळीच्या शेजारी बसला. हिराबाई धावली.

"अरे अरे अरे! तिथं नको! नवा हाय ना तो! कडेचा घे की!"

"मावशी, मधलाच लागतो. कडेला बाहेरची माती मिसळते."

"मग दाराआडचा घे. माझ्या दारात खड्डा पाडतंस?"

"हिराबाई," मी म्हणालो, "घेऊ द्या."

"तुमाला काय जाते बोलायला, तुमी चोपला नाय!"

पण तिने हात बाजूला केला. त्या माणसाने विटेएवढा तुकडा काढला. पंकजला सही करायला सांगितली, की हे आपलंच. पंकजने मॅडमकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, शेवटी हिराबाईच्या ताटातला गार झालेला चहा उचलून एका घोटात प्यायला आणि सही केली. हिराबाईने त्याला विचारलं, "आजून देऊ?" तेवढी रीत तिने पाळली.

दाखला मिळाला नाही. महिन्याभराने हुकूम आला: पावसाआधी ढीग उचलून खाणीच्या खड्ड्यात घालायचा, ओढ्याच्या काठाने दगडी बांध घालायचा, झाडं मुळासकट लावायची, आणि भर पावसात समिती स्वतः येऊन विहिरीचं पाणी बघेल, तेही वाडीसमोर. ट्रक आले. या खेपेला ते रिकामे येऊन रिकामेच गेले. मधलं सगळं काम टेकडीवरच होतं. पंकज छत्री धरून उन्हात उभा असे आणि दुपारी हिराबाईकडे पाणी प्यायला येई. विहिरीचं. मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, वेलचीचा वास नाही.

हिराबाईने अंगणातला तो खड्डा मात्र बुजवला नाही. बुजवायचा तर पुन्हा डस्ट लागली असती, आणि ती आता घरपोच मिळत नव्हती.

श्रावणात निरोप आला, समिती गुरुवारी येतेय. बुधवारी दुपारी मी सहज विहिरीकडे गेलो, तर हिराबाई खराटा, बादली आणि जुनी साडी घेऊन कठड्यापाशी पोचलेली.

"हिराबाई!"

"उगाच बगत व्हते," ती म्हणाली आणि खराटा पाठीमागे लपवला. खराटा तिच्यापेक्षा उंच आहे.

मी सावळीला पहाऱ्यावर बसवलं. काम एकच: हिराकाकीला विहिरीला हात लावू द्यायचा नाही. सावळीने पाटी आणली, पावसासाठी इरलं आणलं आणि कठड्यावर ठाण मांडलं. गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. हिराबाईचे हात मांडीत, एकमेकांत घट्ट अडकवलेले. उपाशी माणसासमोर जेवणाचं ताट ठेवावं तसा तिचा चेहरा. आत पाणी कठड्याखाली हातभर आलेलं. धारा पडून गेल्या होत्या, ओढा दणकून वाहत होता. पाण्यात जरा तांबूसपणा होता, शेतातल्या मातीचा, दर पावसाळ्यात असतो तेवढाच. राखाडी काही नव्हतं. मी दोनदा पाहिलं, डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून.

खालच्या रस्त्याला जीपचा आवाज आला. तेवढ्यात वाऱ्याने आंब्याचं एक पिवळं पान गिरक्या घेत खाली आलं आणि बरोबर विहिरीच्या मधोमध पडलं.

हिराबाई अर्धी उठली. "तेवढा पान तरी काढू गो?"

"नाय," सावळी म्हणाली.